अठराशे त्रेपन्न

अठराशे त्रेपन्न : (१८५३). भारतीय रेल्वेवर बेतलेला, पटावरचा आर्थिक खेळ. रचनाकार फ्रान्सिस ट्रेशम, प्रकाशन १९८९. ट्रेशमच्याच ‘१८२९’ (१९७४) या खेळापासून सुरू झालेल्या खेळमालिकेतला हा एक. नाव भारतातल्या पहिल्या प्रवासी गाडीच्या, बोरीबंदर-ठाणे गाडीच्या, वर्षावरून घेतलेले आहे.

‘व्यापार’ खेळणाऱ्या घरांत रेल्वे म्हणजे पटावरचे एक घर. इथे सारा पटच रेल्वेचा, आणि फाशांना काम नाही. खेळाडू कंपन्यांचे भाग घेतात. ज्याच्याकडे भाग सर्वांत जास्त, तो कंपनी चालवतो: षट्कोनी तुकड्यांनी मार्ग टाकतो, गाड्या घेतो, लाभांश वाटायचा की राखायचा ते ठरवतो. वाटला तर भाव चढतो, राखला तर उतरतो. कंपनीची तिजोरी आणि खेळाडूचा खिसा मात्र वेगळे. सगळी गंमत, आणि लबाडीही, यातच आहे. नव्या गाड्या आल्या की जुन्या भंगारात जातात. ब्रॉडगेजबरोबर मीटरगेजही आहे, तो भारताचाच गुण.

प्रत्यक्षात ती बोरीबंदर-ठाणे गाडी चालवणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जीआयपी) रेल्वेच्या भागधारकांना सरकारने ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. म्हणजे जोखीम रयतेची. कोल्हापूरची तऱ्हा निराळी. मिरज-कोल्हापूर हा सुमारे ४७ किमी.चा मीटरगेज मार्ग दरबाराच्या मालकीचा होता. पायाभरणी १८८८ मध्ये किशोरवयीन शाहू महाराजांच्या हस्ते झाली, गाडी १८९१ मध्ये धावली. ती चालवायला मात्र सदर्न मराठा रेल्वे कंपनी होती.