चहावाल्यांचा संगणक

मंडळी, धंद्याच्या रोजच्या कामाला पहिला संगणक कुणी जुंपला असेल? बँकेने? विमा कंपनीने? नाही हो, लंडनच्या एका चहा-पाव विकणाऱ्या कंपनीने!

लायन्स कंपनीचे पहिले चहागृह १८९४ साली पिकॅडिलीत सुरू झाले. स्वस्त चहा, नीटनेटकी जागा. गिऱ्हाईक वाढले, शाखा दोनशेच्या वर गेल्या. पण एका कपावर नफा तो किती? आणि त्याचा हिशेब ठेवायला कारकुनांची फौज! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला व्हायची वेळ.

१९२३ साली कंपनीने जॉन सिमन्स या केंब्रिजच्या गणितज्ञांना नोकरीवर घेतले. त्यांनी आधी कागदच तपासायला घेतले. हा कागद कशासाठी, तीच नोंद दोनदा का? हे काम वर्षानुवर्षे चालले होते. मग १९४७ साली कंपनीचे दोन अधिकारी कचेरीच्या नव्या पद्धती पाहायला अमेरिकेत गेले. तिथे त्यांना कळले की असे गणनयंत्र आपल्या केंब्रिजमध्येच तयार होते आहे. लायन्सने त्या कामाला ३,००० पौंड दिले आणि त्याच धर्तीवर स्वतःचे यंत्र बांधले. नाव ठेवले 'लिओ'. १९५१ च्या नोव्हेंबरात त्याने बेकरीच्या मालाचा हिशेब केला. पुढे पगारपत्रकेही त्याच्याकडे आली. एका माणसाच्या पगाराला कारकुनाला आठ मिनिटे लागत, लिओला दीड सेकंद.

मला सगळ्यात आवडते ती १९५४ ची गोष्ट. प्रत्येक चहागृहाची वाराप्रमाणे ठरलेली मागणी यंत्राकडे असे. तिथल्या व्यवस्थापिकेने फोनवर फक्त फरक सांगायचा, "उद्या पाव थोडे जास्त." तेवढेच कार्डावर टोचले जाई आणि दुसऱ्या दिवशीच्या मालाची यादी तयार! ही युक्ती यंत्राची नव्हे, माणसाची. रोज सगळे लिहायची गरजच नाही, हे कुणाला तरी आधी सुचावे लागले.

आज गल्लीतल्या किराणा दुकानातही संगणक असतो. त्यात काही वावगे नाही. पण उधारीची वही गबाळी असेल, तर तोच गोंधळ पडद्यावर दिसतो, आणि तोही झटपट. दुकान वाढताना आधी वही नीट लावावी, मग यंत्र आणावे. चहावाल्यांनी तेच केले होते.

असो. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.