पायाळू

जन्मताना ज्याचं डोकं आधी न येता पाय आधी आले, त्याला आपण ‘पायाळू’ म्हणतो. या एका शब्दाभोवती आपल्या बायकांनी किती गोष्टी विणल्या आहेत! कमरेत उसण भरली, की पायाळू माणसाला बोलवायचं आणि त्याची हलकी लाथ कमरेला लावून घ्यायची. वीज कडाडत असताना पायाळू पोराला अंगणात सोडायचं नाही, कारण वीज त्याच्यावरच पडते. पायाळूच्या डोळ्यांत अंजन घातलं, की त्याला जमिनीतलं गुप्तधन दिसतं. लहानपणी हे सगळं मी ऐकलं आहे आणि तुम्हीही ऐकलं असेल.

रोमन लोकही याबाबतीत आपल्यापेक्षा वेगळे नव्हते. पहिल्या शतकातला प्लिनी लिहितो, की पायाकडून जन्मलेल्यांना ‘अग्रिप्पा’ म्हणत आणि असा जन्म अशुभ मानत. माणसानं जगात डोक्याकडून यावं आणि जगातून पायाकडून जावं, असा त्यामागचा विचार होता. आपल्याकडे पायाळू गुणाचा, तर तिकडे अवगुणाचा.

या सगळ्या गोष्टींत मूल आहे, त्याचा पाय आहे, वीज आहे, धनसुद्धा आहे. ज्या बाईनं त्याला जन्म दिला ती मात्र कुठंच नाही. तिला किती वेळ कळा आल्या, ती वाचली का, कोणत्या सुईणीचे हात तिच्या पोटावर होते, हे कुणी सांगत नाही. म्हणून पोटातलं बाळ फिरवण्याच्या खटपटीचा इतिहास मी शोधून वाचू लागले.

पहिली नोंद मिळाली ती आपल्याच घरात. आपण दिगंबर लोक श्वेतांबरांचे आगम प्रमाण मानत नाही, हे खरं. पण जुन्या माणसांना काय माहीत होतं हे पाहायला ते वाचायला काय हरकत आहे? भगवतीसूत्राच्या पहिल्या शतकात गौतमस्वामी भगवान महावीरांना गर्भाबद्दल प्रश्न विचारतात. उत्तर असं, की गर्भातला जीव कधी उताणा असतो, कधी कुशीवर, तर कधी आंब्यासारखा वाकलेला. आई झोपली की तो झोपतो, ती जागी झाली की जागा होतो, ती सुखी असेल तर सुखी आणि दुःखी असेल तर दुःखी. पुढे जन्माच्या वेळेबद्दल म्हटलं आहे, की तो डोक्यानं आला किंवा पायांनी आला तर नीट येतो, आडवा आला तर मात्र त्याचा घात होतो. ‘तंदुलवैचारिक’ या प्रकीर्णकातही हाच मजकूर आहे.

हे वाचून मी थोडा वेळ पुस्तक मिटून बसले. डोकं आणि पाय दोन्ही एका पारड्यात घातले आहेत. पायाळू अशुभ नाही आणि चमत्कारीही नाही. भीती आहे ती आडव्याची. ज्यांनी हे लिहून ठेवलं, त्यांच्या कानावर कुठल्या तरी सुईणींचा अनुभव आलेला असणार, असं मला वाटतं. हे ज्ञान बाळंतिणीच्या खोलीतूनच बाहेर येऊ शकतं.

ग्रीकांचंही निरीक्षण असंच होतं. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथांत गर्भाला अरुंद तोंडाच्या बरणीतल्या ऑलिव्हची उपमा दिली आहे. ते फळ आडवं झालं तर बाहेर निघत नाही. लोणच्याच्या बरणीत अडकलेली कैरीची फोड ज्यांनी काढली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

आपल्या सुश्रुतसंहितेत अडलेल्या गर्भाला ‘मूढगर्भ’ म्हटलं आहे. त्याच्या प्रकारांत कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ अशी नावं येतात. परिघ म्हणजे दाराचा अडसर. दारात आडवा बसलेला अडसर, तसं आडवं बाळ. चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायात हातानं काय करायचं ते सांगितलं आहे. दोन्ही मांड्या आल्या असतील तर सरळ खाली ओढावं. एकच आली असेल तर दुसरी पसरवून घ्यावी. कुल्ले आले असतील तर ते वर सारून पाय मोकळे करावेत. आडवं असेल तर एक बाजू वर ढकलून दुसरी वाटेवर आणावी. याहून अवघड काम नाही, कारण इथं सगळं डोळ्यांनी न बघता स्पर्शानं करायचं असतं, असं सुरुवातीलाच म्हटलं आहे. अधिपतीला विचारून मगच हात घालावा, असंही आहे. आणि गर्भ जिवंत असेल तर त्याला शस्त्र लावू नये, अशी सक्त ताकीद आहे. तेव्हा भूल नव्हती, जंतूंची माहिती नव्हती. ती बाई हे कसं सोसत असेल, याचा विचार मनात आला की पुढचं वाचवत नाही.

युरोपात दुसऱ्या शतकातल्या सोरेनसनं सुईणींसाठी पुस्तक लिहिलं, त्यात आत हात घालून बाळ फिरवण्याचं वर्णन आहे. पुढे ही विद्या पुस्तकांतून जवळजवळ हरवली. सोळाव्या शतकाच्या मध्यावर आंब्रुआज पारे या फ्रेंच शल्यवैद्यानं ती पुन्हा मांडली. आडवं बाळ असेल तर पाय शोधायचे आणि पायाकडून बाहेर आणायचं. म्हणजे बघा, पुढची काही शतकं डॉक्टर मंडळी आईचा जीव वाचवण्यासाठी आडव्या बाळाला मुद्दाम पायाळू करत होती!

या इतिहासात मला सर्वांत जवळची वाटली ती युस्टिना सीगमुंड. १६३६ मध्ये सायलेशियात जन्मलेली ही बाई. विशीत असताना सुईणींनी तिला गरोदर ठरवलं. दिवस भरले म्हणून तिला बाळंतपणाला बसवलं, हाल हाल केले. ती गरोदर नव्हतीच. त्या यातनेतून उठल्यावर तिनं मिळतील ती पुस्तकं वाचली, गोरगरीब बायकांची बाळंतपणं विनामोबदला केली आणि पुढे बर्लिनला राजघराण्याची सुईण झाली. तिला स्वतःला मूल कधीच झालं नाही. १६९० मध्ये तिनं पुस्तक लिहिलं. त्यात दोन बायका बोलतात, एक विचारते आणि दुसरी सांगते. आडव्या बाळाच्या पायाला आत फितीचा फास अडकवायचा, एका हातानं फीत बाहेरून ओढायची आणि त्याच वेळी दुसऱ्या हातानं बाळाला आतून वर सारायचं, ही तिची दोन हातांची युक्ती तिच्या नावानं ओळखली गेली.

आत हात न घालता फक्त पोटावरून बाळ फिरवायचं आणि डोकं खाली आणायचं, हे जर्मनीतल्या विगांटनं १८०७ मध्ये लिहून मांडलं. पुढे पॅरिसच्या पिनार यांनी पोट चाचपून बाळाची ठेवण ओळखण्याचं शास्त्रच १८७८ च्या ग्रंथात बांधलं. पण पोट चाचपणं ही काही पॅरिसची मक्तेदारी नव्हती. आमच्या सीमाभागात कन्नड बायका सुईणीला ‘सूलगित्ती’ म्हणतात. तुमकूर जिल्ह्यातल्या सूलगित्ती नरसम्मांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांनी हजारो बाळंतपणं केली. शाळा न शिकलेल्या या बाईंना पोटावर हात ठेवला की बाळाचं डोकं कुठं आहे ते कळायचं. त्याच वर्षी डिसेंबरात, ९८ व्या वर्षी त्या गेल्या.

आपल्या मराठी आनंदीबाई जोशींचंही नाव इथं घ्यायला हवं. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात पदवी घेताना त्यांनी प्रबंधासाठी विषय निवडला तो प्राचीन हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. चौदाव्या वर्षी बाळंत होऊन दहा दिवसांचं बाळ गमावलेली ही मुलगी. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागावर तिची नेमणूकही झाली होती. पण १८८७ च्या फेब्रुवारीत ती गेली. आमच्या भागातल्या किती बायकांच्या पोटावर तो हात पडायचा राहून गेला!

आता घरगुती उपायांकडे येते, कारण वाचणाऱ्या निम्म्या जणींना तेच हवं असणार. माझ्या पुतणीला एकतिसाव्या आठवड्यात सोनोग्राफीत सांगितलं, बाळाचं डोकं वर आहे. झालं. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, “रोज ओणवं होऊन हातानं फरशी पूस, आमच्या वेळी शेणानं सारवायचो, म्हणून कुणाचं बाळ उलटं राहत नव्हतं.” तिच्या मैत्रिणीनं गुडघे आणि छाती जमिनीला टेकून कंबर वर धरायचा व्यायाम पाठवला. शेजारच्या काकू एका पोट चोळणाऱ्या बाईचा पत्ता घेऊन आल्या. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “फरशी पूस, ओणवी हो, त्रास होत नसेल तोवर हरकत नाही. पण पोट कुणाला चोळू द्यायचं नाही.” चौतिसाव्या आठवड्यात बाळ आपलं आपण फिरलं. जाऊबाईंनी श्रेय फरशीला दिलं, मैत्रिणीनं व्यायामाला, आणि काकूंनी त्यांनी बोललेल्या नवसाला.

खरं गणित असं आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमारास दर शंभरांतल्या वीस-पंचवीस बाळांचं डोकं वर असतं. दिवस भरेपर्यंत तशी उरतात फक्त तीन-चार. बाकीची आपोआप फिरतात. म्हणजे सातव्या-आठव्या महिन्यात जो कुणी जो काही उपाय सांगेल, त्याला बहुतेक वेळा यश येणारच! जुन्या काळापासून इतके उपाय का टिकले, याचं उत्तर मला इथं सापडलं. पण ज्या तीन-चार जणींचं बाळ फिरत नाही, त्यांना उगीच ऐकावं लागतं, “तू नीट केलं नसशील.” हा बोल सर्वांत वाईट. गर्भाशयाची ठेवण, वारेची जागा, पाणी कमी-जास्त असणं, अशी कारणं असतात, आणि पुष्कळदा काहीच कारण सापडत नाही. फरशी कमी पुसली हे कारण नव्हे.

उपायांची रीतसर परीक्षाही झाली आहे. चीनमध्ये पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्याजवळ एका वाळवलेल्या वनस्पतीची पेटती कांडी धरून ऊब देतात. जोतिबाला वाहतो त्या दवण्याच्याच कुळातली ही वनस्पती. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पहिलटकरणी २६० होत्या. ऊब दिलेल्या १३० पैकी ९८ जणींची बाळं पस्तिसाव्या आठवड्यापर्यंत फिरली, तर न दिलेल्या १३० पैकी ६२ जणींची. आकडा मोठा वाटतो. पण पुढे इटलीत करून पाहिलं तेव्हा तसा फरक दिसला नाही. ओणवं होण्याच्या व्यायामाचीही तीच गत. त्यानं बाळ फिरतं असं सिद्ध झालेलं नाही.

सिद्ध झालेला मार्ग विगांटचा. डॉक्टर सदतिसाव्या आठवड्याच्या सुमारास, आधी सोनोग्राफी करून, बाळाचे ठोके बघून, गर्भाशय सैल पडायचं औषध देऊन पोटावरून बाळ फिरवतात. साधारण निम्म्या जणींत ते जमतं. पहिलटकरणीत कमी, पुढच्या खेपेला जास्त. दर दोनशेत एकीला तातडीनं सिझेरियन लागू शकतं, म्हणून हे ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यातच करतात. पूर्वी हेच बत्तिसाव्या-चौतिसाव्या आठवड्यात करत. तेव्हाही श्रेय बरंचसं आपोआप फिरणाऱ्या बाळांचंच होतं. घरी जोर लावून पोट चोळण्यात वार सुटण्याचा धोका असतो, आणि तिथं ठोके बघणारं कुणी नसतं.

२००० मध्ये २६ देशांतल्या २,०८८ बायकांवरचा एक मोठा अभ्यास आला. पायाळू बाळासाठी ठरवून केलेलं सिझेरियन बाळाला जास्त सुरक्षित, असा त्याचा निष्कर्ष होता. जगभर सिझेरियन वाढली. दोन वर्षांनी तीच मुलं पुन्हा तपासली तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही, पण तोवर पायाळू बाळ खालून सोडवणारे हात कमी होऊ लागले होते. आज सिझेरियननं बाळ आणि आई दोघं सुखरूप घरी येतात, याचं मोल मी कमी करणार नाही. आमच्याच सासरच्या एका घरात दोन पिढ्यांपूर्वी आडव्या बाळासकट एक सून गेली. बैलगाडी बेळगावच्या वाटेवर होती. तिचा फोटोसुद्धा नाही.

म्हणून लेकीसुनांना एवढंच सांगणं. बाळाचं डोकं वर आहे असं कळलं तर घाबरू नका, अजून वेळ असतो. ओणवं व्हायचं तर डॉक्टरांना विचारून व्हा. पोट चोळायला कुणाला देऊ नका. छत्तीस आठवडे होऊनही बाळ तसंच असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारा, “बाहेरून फिरवून बघता येईल का? माझ्या बाबतीत काही अडचण आहे का?” वार खाली असेल, रक्त जात असेल, पाणी गेलं असेल किंवा जुळं असेल, तर ते करता येत नाही, तेव्हा सिझेरियनला मान द्या. आणि घरातल्या मोठ्या बायकांनो, ती दवाखान्यातून परत आली, की बाळ कुठल्या बाजूनं आलं हे विचारण्याआधी तिचं कसं आहे ते विचारा.