बारा हजारांची मोटार स्वस्त होती का?



गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक भरली. बचत जमा झाली, वही लिहून झाली आणि उठता उठता एका ताईंनी विषय काढला. त्यांच्या मुलाला नवी चारचाकी घ्यायची आहे. घरालाही होईल, लग्नसराईत भाडंही मारता येईल, असं त्याचं म्हणणं. बाकीचं कर्ज मिळतंय, पण सुरुवातीला एक लाख रोख भरावे लागतात. तेवढे गटातून मिळतील का?

त्यावर आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, "आमच्या वेळी बारा हजारात नवीकोरी मोटार मिळायची. आता सगळं महाग करून ठेवलंय." दुसरी एक लगेच म्हणाली, "उलट आजी, आता तर दारोदार गाड्या झाल्यात. स्वस्त झाल्याशिवाय का?"

दोघींचंही ऐकल्यावर खरं वाटत होतं. म्हणून आम्ही ठरवलं की जुना हिशोब काढून बघायचा. तोच आज तुम्हाला सांगतो.

आजींचा आकडा बरोबर निघाला. 1965 च्या सुमारास फियाट मोटार बारा हजारांना मिळत होती. ही मोटार आपल्याच मुंबईत, कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनायची. हा कारखाना वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाचा. पुढे या गाडीचं नाव पद्मिनी झालं. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून आपल्यापैकी अनेकींनी ती पाहिली असेल.

पण बारा हजार म्हणजे तेव्हा किती? त्यासाठी आम्ही एक माप धरलं, केंद्र सरकारच्या सगळ्यात खालच्या नोकराचा, म्हणजे शिपायाचा पगार. 1959 साली दुसऱ्या वेतन आयोगाने तो महिना किमान 80 रुपये ठरवला. पुढे महागाई भत्ता वाढत गेला, तो आम्ही धरलेला नाही. बारा हजार भागिले 80, म्हणजे 150 महिने. साडेबारा वर्षं! घरात चूल न पेटवता, पोरांना कपडा न घेता, सगळाच्या सगळा पगार बाजूला टाकला तर साडेबारा वर्षांनी एक मोटार. आणि हा तर सरकारी नोकर, दर महिन्याला बांधलेला पगार. शेतात राबणाऱ्या बाईच्या तर ते स्वप्नातही येत नसेल.

पैसे असले तरी गाडी लगेच मिळत नव्हती. कारखान्याने किती माल काढायचा, हे सरकारी परवान्यावर ठरायचं. मोटारी बनवणाऱ्या मुख्य कंपन्या तीनच: कलकत्त्याजवळची हिंदुस्तान, मुंबईची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. 1983 च्या आधी साऱ्या देशात वर्षाला पन्नास हजारसुद्धा मोटारी बनत नव्हत्या. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. ज्याला घाई, तो वरचे पैसे मोजून दुसऱ्याची गाडी घ्यायचा.

याच काळातली एक गोष्ट आमच्या बैठकीत सगळ्यांना लागली. लालबहादूर शास्त्री 1964 साली पंतप्रधान झाले. घरची स्वतःची मोटार नव्हती. मुलांनी हट्ट धरला. चौकशी केली तर फियाटची किंमत बारा हजार आणि बँकेत शिल्लक सात हजार. देशाच्या पंतप्रधानांनी उरलेल्या पाच हजारांसाठी पंजाब नॅशनल बँकेकडे कर्जाचा अर्ज केला आणि मोटार घेतली. 11 जानेवारी 1966 ला ताश्कंदला ते गेले. कर्ज मागे राहिलं. ते ललितादेवींनी आपल्या पेन्शनमधून फेडलं. ही हकिकत त्यांच्या मुलांनी सांगितलेली आहे. ती गाडी आजही दिल्लीला शास्त्रीजींच्या स्मारकात ठेवलेली आहे.

हे ऐकल्यावर बैठकीत कुणी बोलेना. गाडी कुणी मागितली, अर्ज कुणी केला आणि हप्ते कुणी भरले, हे आम्हा बायकांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

पुढचा टप्पा मारुतीचा. सरकारने जपानच्या सुझुकी कंपनीला सोबत घेऊन गुडगावला कारखाना काढला. 14 डिसेंबर 1983 ला इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती 800 ची किल्ली दिली, ती विमान कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला. गाडीची किंमत सुमारे साडेसत्तेचाळीस हजार. म्हणजे आकडा फियाटच्या चौपट झाला. पण पगारही वाढले होते. 1986 च्या चौथ्या वेतन आयोगाने शिपायाचा पगार 750 रुपये केला. त्या पगाराने साडेसत्तेचाळीस हजार म्हणजे 63 महिने, सव्वापाच वर्षं. आकडा वाढला आणि वर्षं कमी झाली. आता शिक्षक, बँकेतला कारकून, तालुक्याचा डॉक्टर गाडीचा विचार करू लागला.

1991 नंतर परवान्याचं बंधन सुटलं, नव्या कंपन्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर बँकांचं गाडीकर्जही सोपं झालं. मग 2009 साली टाटांची नॅनो आली. चौघांचं कुटुंब पावसात एका स्कूटरवर जाताना पाहून ही कल्पना सुचली, असं रतन टाटा सांगायचे. किंमत एक लाख, कर आणि वाहतूक वेगळी. तेव्हा सहाव्या वेतन आयोगाप्रमाणे शिपायाचा पगार 7,000. म्हणजे साधारण सव्वाचौदा महिने. साडेबारा वर्षांवरून सव्वा वर्षावर! तरी नॅनो चालली नाही. सगळ्यात स्वस्त गाडी म्हणून ती विकली हीच चूक झाली, असं टाटांनी स्वतः नंतर कबूल केलं. गाडी घेताना माणूस मानही विकत घेत असतो, हे आपल्या गावात वेगळं सांगायला नको.

मग दुसरी बाई बरोबर म्हणायची का? पगारदारापुरतं बरोबर. पण 2011 च्या जनगणनेत देशातल्या शंभर घरांपैकी पाच घरांतसुद्धा मोटार नव्हती. खेड्यांत तर शंभरात दोन-अडीच घरं. सायकल मात्र शंभरातल्या पंचेचाळीस घरांत होती.

म्हणून आम्ही माप बदललं. शिपायाच्या जागी रोजगार हमीवर जाणारी बाई धरली. 2024-25 साली महाराष्ट्रात तिची रोजची मजुरी 297 रुपये होती. त्या वर्षी सगळ्यात स्वस्त नवी गाडी चार लाखांच्या आसपास. म्हणजे जवळजवळ 1,350 दिवसांची मजुरी. केंद्राची हमी तेव्हा एका कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची होती. त्या हिशोबाने साडेतेरा वर्षं!

ऐकलंत ना? साठ वर्षांपूर्वी शिपायाला साडेबारा वर्षं लागत होती. 2024-25 साली आपल्यातल्या मजूर बाईला साडेतेरा.

मग गाड्या दारोदार कशा दिसतात? हप्त्यांवर. एक लाख रोख भरले आणि तीन लाखांचं कर्ज दहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता सुमारे 6,400 रुपये. व्याजाचेच 82 हजार जातात. 2024-25 च्या मजुरीत मोजलं तर दर महिन्याचे साडेएकवीस दिवस नुसत्या हप्त्याला. डिझेल-पेट्रोल, विमा, टायर वेगळेच. आणि मैत्रिणींनो, त्या ताईंना जे एक लाख रोख भरायचे, तेही गटाचं कर्जच असणार होतं.

आम्ही त्या ताईंना नाही म्हटलं नाही. भाड्याची गाडी कमावतेही. पण चार गोष्टी लिहून आणायला सांगितल्या: पावसाळ्याचे चार महिने भाडं नसेल तेव्हा हप्ता कशातून जाणार, मुलाचा आणि कर्जाचा विमा आहे का, तीन-चार वर्षं वापरलेली गाडी किती कमी पैशात पडते, आणि गाडीची कागदपत्रं कुणाच्या नावावर होणार.

पहिल्या तिन्ही गोष्टी त्यांनी मुलाला विचारायच्या म्हणून वहीत लिहून घेतल्या. चौथीचं उत्तर तिथेच दिलं. म्हणाल्या, "गटाच्या कर्जावर सही माझी असणार. मग गाडीच्या कागदावरही माझंच नाव लागू दे."

पुढच्या बैठकीला त्या कागद घेऊन येतील, मग गट ठरवेल. तुमच्या गटात असा विषय निघाला, तर किंमत रुपयांत विचारू नका. किती दिवसांची मजुरी, तेवढं मोजा.