वारा, जमीन आणि फ्लाइट सिम्युलेटर : मुळशी–पुणे परिसराच्या हवाई इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना

विमानोड्डाणाचा इतिहास बहुधा आकाशाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. तथापि प्रत्येक उड्डाणाचा आरंभ व शेवट जमिनीवरच होतो आणि वैमानिकाच्या कौशल्याची खरी कसोटी जमिनीलगतचा वाराच पाहतो. फ्लाइट सिम्युलेटर, म्हणजे जमिनीवर राहून उड्डाणाचा सराव देणारे यंत्र, वास्तवाच्या किती जवळ आले आहे हे ठरविताना याच दोन घटकांचा विचार अगत्याचा ठरतो. प्रस्तुत लेखात पुणे परिसरातील हवाई वाहतुकीच्या आरंभकाळाच्या आधारे हा विचार मांडला आहे.

जुहू ते येरवडा

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी 'पस मॉथ' विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईतील जुहू येथे टपाल आणले. नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते पुढे बेल्लारीमार्गे मद्रासला नेले. जुहूचा तळ समुद्राकाठचा, सखल व मातीचा होता. पावसाळ्यात तो पाण्याखाली जाई. त्यामुळे विमाने, वैमानिक व यांत्रिक यांसह सारा व्याप पुण्यात, येरवडा कारागृहालगतच्या मैदानावर हलवावा लागे.

या स्थलांतरामागे सह्याद्रीची रचना आहे. नैऋत्य मोसमी वारे मुळशी-ताम्हिणीचे डोंगर चढताना आपला बहुतांश पाऊस तेथेच रिता करतात. टाटांचे मुळशी धरण याच पावसावर भरते. पुणे मात्र पर्जन्यछायेत राहते. मुळशीने पाऊस झेलला, म्हणूनच येरवड्याची जमीन विमानाची चाके पेलू शकली. आजही पुण्याच्या लोहगाव विमानतळाची मुख्य धावपट्टी १०/२८ आणि मुंबईची ०९/२७ या क्रमांकांनी ओळखली जाते. हे क्रमांक धावपट्टीची दिशा सांगतात. दोन्ही धावपट्ट्या जवळपास पूर्व-पश्चिम आहेत आणि धावपट्टी शक्यतो प्रचलित वाऱ्याच्या दिशेत ठेवण्याचा संकेत आहे.

यंत्रातील वारा

सरावयंत्रांचा इतिहासही वाऱ्यापासूनच सुरू होतो. इंग्लंडमध्ये १९१० च्या सुमारास तयार झालेले 'सँडर्स टीचर' हे यंत्र खऱ्या वाऱ्यावर चाले. वारा लहरी असल्याने त्याचा उपयोग मर्यादित राहिला. पुढे १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक यांनी वडिलांच्या ऑर्गन कारखान्यातील भात्यांच्या साहाय्याने हलणारे सरावयंत्र बनविले. १९३४ मध्ये टपाल वाहतुकीतील अपघातांनंतर अमेरिकी लष्कराने अशी सहा यंत्रे विकत घेतली. दिसेनासे झाले असता केवळ उपकरणांवरून विमान कसे चालवावे, हे ते शिकवीत असे. जमिनीला मात्र त्यात स्थान नव्हते.

जमिनीचे गणित

हवेत विमान वाऱ्यासोबत वाहते. जमिनीवर मात्र दोन शक्तींची ओढाताण सुरू होते. वारा शेपटीच्या उभ्या पंखावर दाब देऊन वातकुक्कुटाप्रमाणे विमानाचे नाक स्वतःकडे वळवू पाहतो, तर टायरचे घर्षण त्यास विरोध करते. 'पस मॉथ'सारख्या, शेपटी जमिनीला टेकलेल्या विमानांत गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने एकदा सुरू झालेले वळण वाढतच जाते.

संगणकीय सिम्युलेटरला टायरची पकड, आघातशोषकाची दाब-हालचाल आणि पृष्ठभागाचा ओलावा यांचे गणित क्षणोक्षणी मांडावे लागते. पकड कमी धरली, तर विमान अवास्तव वळते वा घसरते. ती अधिक धरली, तर ते रुळावरून धावल्यासारखे सरळ जाते आणि शिकाऊ वैमानिकाला पायांनी दिशा सावरण्याची गरजच उरत नाही. शिवाय चाचणी-उड्डाणांची आकडेवारी मर्यादित वाऱ्यांतच गोळा होते. त्यापलीकडचे वर्तन अनुमानाने ठरवावे लागते.

निष्कर्ष

हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. १ जुलै २०१९ रोजी जयपूरहून आलेले प्रवासी विमान मुंबईत भर पावसात उतरताना धावपट्टीच्या टोकापलीकडे गेले. जुहूच्या चिखलापासून टाटांची विमाने दूर नेता आली, कारण घाटापलीकडे येरवडा होते. आजच्या वैमानिकाला त्याच पावसात, त्याच ओल्या भूमीवर उतरावे लागते. म्हणून सिम्युलेटरची सत्यता त्यातील ढगांच्या चित्रांवरून न जोखता, ओल्या धावपट्टीवर आडवा वारा सुटला असता त्यातील विमान कसे वागते यावरून जोखली पाहिजे. मोसमी प्रदेशातील प्रशिक्षणाचा तोच योग्य निकष होय.