उचलून नेता येणारा पाया

महागाव तालुक्यातील कित्येक पिढ्यांनी आगगाडी प्रथम पाहिली ती परगावी. जिल्ह्यातली जुनी गाडी म्हणजे शकुंतला. ती यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला जाई. कापसासाठी घातलेला, १९०३ साली सुरू झालेला हा ११३ किलोमीटरचा अरुंदमापी मार्ग २०१० नंतरच्या दशकात थांबला. १९२१ मध्ये मँचेस्टरला घडलेले तिचे वाफेचे इंजिन तर १९९४ सालीच निवृत्त झाले होते. अशा गाडीची लहान प्रतिकृती करून ती गावोगावच्या शाळांत न्यावी, हा विचार भाबडा वाटला तरी सोडून देण्याजोगा नाही. इंजिन आणि डबे हौसेने घडवता येतात. घोडे अडते ते पायाशी. प्रतिकृतींविषयी लिहिणारे इंजिनाचे कौतुक भरभरून करतात, ते ज्या फळीवर धावते तिच्याबद्दल मात्र फारसे बोलत नाहीत.

वास्तविक अरुंदमापी रेल्वेचा इतिहास हा हलक्या पायाचाच इतिहास आहे. १८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी ही बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली. तिचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज अभियंता. इंजिन असो वा डबा, कोणत्याही आसावर पाच टनांहून अधिक भार येता कामा नये, हा त्याचा दंडक. भार असा सारखा वाटला गेला की यार्डाला ३० पौंडांचा, म्हणजे मीटरला सुमारे १५ किलोंचा रूळ पुरतो, आणि रूळ हलका म्हणजे खर्चही हलका. याच गृहस्थाने पुढे वैमानिकांसाठी हवाई छत्री तयार केली, हे वाचून मला मुळीच आश्चर्य वाटले नाही. बार्शीचे माप २ फूट ६ इंच; शकुंतलेचेही तेच.

प्रतिकृतीच्या बाबतीत महाराष्ट्राचा अनुभव मात्र उलट दिशेने गेला. पुण्याच्या भाऊसाहेब जोशींनी १९८२ साली आपली छोटी रेल्वे लोकांसमोर मांडली ती हलवता येण्याजोगी होती. १९८४ मध्ये ती मुंबईलाही गेली. पण ने-आण करताना मोडतोड होते हे ध्यानात आल्यावर त्यांनी कायम जागेचा ध्यास घेतला, आणि १९९८ साली कोथरूडमधले त्यांचे संग्रहालय खुले झाले. (ते ज्या रस्त्यावर आहे त्याला जी. ए. कुलकर्णींचे नाव आहे. साहित्याच्या वाचकाला ही गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही.) जोशींचा निर्णय त्यांच्यापुरता योग्यच होता. तरीही त्याची एक किंमत आहे: प्रतिकृती स्थिर झाली की प्रवास बघणाऱ्याला करावा लागतो, आणि महागावच्या मुलाला पुणे फार दूर पडते.

मोडतोड का होते? बहुधा पाया जड असतो म्हणून. चार फूट बाय दोन फुटांची १८ मिलिमीटर जाडीची प्लायवूडची फळी एकटीच आठ किलोंच्या आसपास भरते. ती पेलण्यासाठी खाली लाकडी चौकट, चौकटीसाठी जाड पाय. एवढे ओझे दारातून काढताना कुठेतरी आपटणारच, आणि आपटते ते नेमके कडेला, जिथे रुळांची टोके उघडी असतात. मजबुती जाडीतून येते हा समज आपल्या फिरत्या नाटक मंडळींनी केव्हाच मोडीत काढला होता. त्यांचा रंगमंचावरचा राजवाडा म्हणजे लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर ताणलेले रंगवलेले कापड.

तोच न्याय येथे लावावा. सहा मिलिमीटर प्लायवूडच्या दहा सेंटिमीटर उंच पट्ट्यांची पोकळ पेटी, मध्ये एक आडवी पट्टी, आणि वर फळीऐवजी पाच सेंटिमीटर जाडीचा एक्सपीएसचा तक्ता. हा थर्मोकोलचा घट्ट विणीचा भाऊबंद. छतावर ऊन अडवायला वापरतात. तो पांढऱ्या फेव्हिकॉलने चिकटवावा, रबरी सोल्यूशनने नव्हे. त्यातले द्रावक तक्ता खाऊन टाकते. सगळे मिळून वजन तीन किलोंच्या आत. रुळांची टोके कडेच्या पट्टीत बसवलेल्या पितळी स्क्रूंवर सोल्डरने पक्की करायची, आणि नेताना दोन पेट्या समोरासमोर ठेवून, बाजूंना फळ्या लावून त्यांचाच खोका करायचा. सर्व पेट्यांच्या कडा एकाच मापाच्या ठेवल्या की कोणतीही कोणतीला जोडता येते. कॅलिफोर्नियातल्या हौशी मंडळींनी १९७०च्या दशकात एनट्रॅक या नावाने हेच शिस्तीत बांधले.

मापाचाही एक सुखद योग आहे. प्रतिकृतींच्या १:८७ या रूढ प्रमाणात शकुंतलेचे ७६२ मिलिमीटर म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर होतात. याहून लहान प्रमाणाच्या गाड्यांसाठी बाजारात मिळणारा नऊ मिलिमीटरचा रूळ त्यामुळे जवळजवळ जसाच्या तसा चालतो. संपूर्ण मार्ग मात्र या प्रमाणातही १३०० मीटर भरेल. हजाराहून अधिक पेट्या लागतील. तेव्हा निवड करणे आलेच. मी चार पेट्या घेईन: यवतमाळचे स्थानक, दारव्हा, एक जिनिंग आणि एक संपूर्ण पेटी नुसत्या पऱ्हाटीची. तिच्यावर प्लास्टर नको, ते जड होते. महागावच्या शिवारातली काळी माती चाळून, पातळ फेव्हिकॉलवर भुरभुरावी. अर्धा किलो भरेल. तेवढे वजन वाढू द्यायला माझी हरकत नाही.