आल्प्समधील मुक्कामाचे गाव : निवडीच्या निकषांचा इतिहास आणि ग्रामनामांची साक्ष

१

आल्प्स पर्वताच्या कुशीत सुटी घालवू इच्छिणाऱ्या प्रवाशापुढे आज पहिला प्रश्न उभा राहतो तो मुक्कामाच्या गावाचा. शामोनी की त्सेरमाट, दावोस की सांक्ट मोरिट्झ, की दोन सरोवरांमधले इंटरलाकेन, असे पर्याय समोर मांडून तो त्यांची तुलना करतो. हा प्रश्न आपणांस इतका स्वाभाविक वाटतो की त्यालाही इतिहास असेल अशी शंका सहसा येत नाही. परंतु अडीच-तीनशे वर्षांपूर्वीच्या प्रवाशाला तो सुचणेच शक्य नव्हते. त्या काळचा व्यापारी, यात्रेकरू किंवा सैनिक आल्प्समध्ये जात नसे. तो आल्प्स ओलांडून जात असे. ग्रेट सेंट बर्नार्डसारख्या खिंडीत अकराव्या शतकापासून धर्मसंन्याशांनी चालविलेला आश्रयमठ होता, तो वाटसरूंचा जीव वाचावा म्हणून. देखावा पाहण्यासाठी नव्हे. रात्र जेथे पडेल तेथे मुक्काम, एवढाच त्या काळचा नियम होता.

गाव निवडण्याची क्रिया कशी निर्माण झाली, तिचे निकष कोणत्या क्रमाने बदलले, आणि ज्या गावांची निवड झाली त्यांचे त्या निवडीमुळे काय झाले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. या विवेचनात प्रवासाच्या इतिहासाबरोबरच ग्रामनामांचा व बोलींचा पुरावा विचारात घेतला आहे. कारण पाहुण्याने गावाला काय दिले याची नोंद सर्वत्र मिळते, पण गावाने त्याच्या मोबदल्यात काय सोडले याची नोंद पुष्कळदा भाषेतच राहून गेलेली असते.

आरंभी ‘आल्प’ हा शब्दच पाहावा. तेथील गावकऱ्याच्या बोलीत आल्प म्हणजे हिमशिखर नव्हे. उन्हाळ्यात गुरे वर नेऊन चारावयाचे, दूध काढून चीज तयार करावयाचे उंचावरील कुरण, तो आल्प. बाहेरून आलेल्या मनुष्याने दुरून वर पाहिले आणि त्या शब्दाचा अर्थ बर्फाच्छादित पर्वत असा केला. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ म्हणजे यजमान व पाहुणा यांच्या दोन दृष्टीच होत. पुढील सर्व इतिहास या दोन दृष्टींच्या देवघेवीचा आहे.

२

निवडीचा पहिला निकष दृश्याचा होता. १७४१ साली विल्यम विंडहॅम व रिचर्ड पोकॉक हे इंग्रज प्रवासी जिनीव्हाहून शामोनीच्या खोऱ्यात गेले, आणि तेथील प्रचंड हिमनदीचे त्यांनी केलेले वर्णन यूरोपात पसरले. त्या हिमनदीस पुढे ‘मेर द ग्लास’, म्हणजे बर्फाचा समुद्र, हे नाव रूढ झाले. या दोघांनी शामोनीचा ‘शोध’ लावला असे जे वारंवार लिहिले जाते ते मात्र स्वीकारण्यासारखे नाही. त्या खोऱ्यात अकराव्या शतकापासून मठ होता, तेथील जमिनींचे व करांचे दस्तऐवज होते. शोध लागला तो गावाचा नव्हे, गावाकडे पाहण्याच्या एका रीतीचा.

या रीतीला वाङ्मयाने पूर्वीच भूमी तयार करून ठेवली होती. आल्ब्रेख्त फॉन हालर या बर्नच्या वैद्य-कवीचे आल्प्सवरील काव्य १७३२ मध्ये प्रसिद्ध झाले होते. रूसोची ‘ज्यूली’ ही कादंबरी १७६१ ची. शहरी जीवन कृत्रिम आणि डोंगरातील जीवन निर्मळ, ही कल्पना या ग्रंथांनी सुशिक्षितांच्या मनात रुजविली. जिनीव्हाचा शास्त्रज्ञ ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर याने १७६० साली माँ ब्लाँचा मार्ग शोधून काढणाऱ्यास बक्षीस देऊ केले. ८ ऑगस्ट १७८६ रोजी स्फटिक गोळा करणारा जाक बाल्मा आणि गावचा डॉक्टर मिशेल-गाब्रिएल पाकार हे शिखरावर पोहोचले. पुढील वर्षी सोस्यूर स्वतः चढला.

बाल्माचा व्यवसाय येथे ध्यानात घेण्यासारखा आहे. कडेकपारीतून स्फटिक काढणारे व रानबकऱ्यांची शिकार करणारे जे लोक होते, त्यांनाच डोंगराच्या वाटा ठाऊक होत्या. पाहुणा आला तेव्हा त्यांचे हे ज्ञान विक्रेय झाले आणि वाटाड्याचा व्यवसाय उदयास आला. १८२० मध्ये माँ ब्लाँवर हिमलोट कोसळून तीन वाटाडे मृत्युमुखी पडले. त्यानंतर १८२१ मध्ये शामोनीच्या वाटाड्यांनी आपला संघ स्थापन केला. पाळी कशी लागावी, मोबदला किती असावा, मृताच्या कुटुंबास साहाय्य कसे मिळावे, हे प्रश्न त्यामुळे संस्थेच्या कक्षेत आले. ज्या गावात भरवशाचा वाटाड्या मिळतो ते गाव मुक्कामास योग्य, असा एक नवा निकषही त्यातून सिद्ध झाला.

३

दुसरा टप्पा मार्गदर्शक पुस्तकांचा व गिर्यारोहणाचा होय. जॉन मरे यांचे स्वित्झर्लंडविषयक प्रवासपुस्तक १८३८ मध्ये व कार्ल बेडेकर यांचे १८४४ मध्ये निघाले. या पुस्तकांमुळे निवडीचे स्वरूप मुळातून पालटले. तोपर्यंत प्रवासी परिचिताच्या सांगण्यावरून गाव ठरवीत असे. आता अनोळखी वाचकास घरबसल्या दोन गावांची तुलना करता येऊ लागली. खाणावळ स्वच्छ आहे काय, खेचराचे भाडे किती, कोणते दृश्य चुकवू नये, ही माहिती छापील झाली. १८६३ मध्ये टॉमस कुक यांनी स्वित्झर्लंडची पहिली सामुदायिक सहल नेली, तेव्हा निवडीचा भारही प्रवाशाच्या शिरावरून उतरला. ज्यास वेळ थोडा व उत्पन्न मध्यम, अशा वर्गाला आल्प्स प्रथमच आटोक्यात आले.

त्सेरमाट हे या काळाचे प्रातिनिधिक गाव. ‘त्सेरमाट’ याचा अर्थ ‘कुरणापाशी’. जुन्या दस्तऐवजांत येणारे त्याचे ‘प्राबोर्नो’ हे रोमान्स वळणाचे नाव पाहिले तरी त्याच्या पूर्वार्धात कुरणवाचक शब्दच आढळतो. भाषा बदलली, पण गावाने स्वतःची ओळख गवताच्या आधारेच सांगितली. जगाला ज्याचे आकर्षण आहे त्या मॅटरहॉर्नच्या नावातही ‘माट’ म्हणजे कुरणच आहे. शिखराची ओळख कुरणावरून झाली, कुरणाची शिखरावरून नव्हे.

या गावी प्रारंभी पाहुण्यास धर्मगुरूच्या घरी आसरा मिळे. १८३९ च्या सुमारास गावचे वैद्य लाउबर यांनी लहानशी खाणावळ घातली. ती पुढे अलेक्झांडर झाइलर यांनी घेऊन तिचे ‘मोंते रोझा’ हे हॉटेल केले. १४ जुलै १८६५ रोजी एडवर्ड व्हिम्पर यांच्या तुकडीने मॅटरहॉर्नचे शिखर गाठले. उतरताना सातांपैकी चौघे कोसळून मरण पावले. या अपघाताने यूरोपभर खळबळ उडाली. त्सेरमाटची वर्दळ त्यामुळे ओसरली नाही; उलट ज्या गावातून तो भयंकर डोंगर दिसतो ते गाव पाहावे अशी ओढ वाढली. १८९१ मध्ये तेथे रेल्वे पोहोचली.

झाइलर यांच्या चरित्रातील एक गोष्ट मात्र प्रवासपुस्तकांत सहसा येत नाही. त्सेरमाटच्या भरभराटीचा कर्ता म्हणून ज्याचे नाव घेतले जाते, त्या या गृहस्थास गावच्या मूळ हक्कदारांच्या मंडळात प्रवेश मिळविण्यासाठी दीर्घ न्यायालयीन झगडा करावा लागला. तो हक्क १८८९ मध्ये पदरात पडला आणि १८९१ मध्ये ते निधन पावले. गावकऱ्यांच्या विरोधास केवळ कोतेपणा म्हणून चालणार नाही. रान, कुरण व पाणी यांवर हक्कदारांची सामाईक मालकी होती. भांडवल असलेल्या उपऱ्यास एकदा हक्क दिला म्हणजे सामाईक भूमीचा विनियोग कोणासाठी होणार, हा त्यांचा प्रश्न होता. तो आजही सुटलेला नाही.

४

तिसरा निकष आरोग्याचा. जर्मनीतून राजकीय निर्वासित म्हणून आलेले अलेक्झांडर श्पेंगलर हे १८५३ पासून दावोस येथे वैद्यकी करीत होते. तेथील रहिवाशांत क्षयरोग विरळ आहे असे त्यांच्या निदर्शनास आले. फेब्रुवारी १८६५ मध्ये दोन रुग्ण भर हिवाळ्यात उपचारासाठी दावोसला आले आणि त्यांना गुण आला. ही घटना आकाराने लहान असली तरी परिणामाने मोठी होती. तोपर्यंत हिवाळा म्हणजे डोंगरी गावाचा बंद काळ. आता सुमारे १५६० मीटर उंचीवरची कोरडी थंडी आणि ऊन हीच औषधे ठरली. व्हिलेम यान होल्सबूर या डच गृहस्थाच्या साहाय्याने उपचारगृह उभे राहिले आणि पुढे रेल्वेही आली. टोमास मान यांच्या १९२४ मधील ‘डेर त्साउबरबेर्ग’ या कादंबरीने दावोसचे हे रूप चिरस्थायी केले.

सांक्ट मोरिट्झमध्ये हिवाळा निरोगी माणसासाठी खुला झाला. हॉटेलचालक योहानेस बाड्रुट यांनी १८६४ मध्ये इंग्रज पाहुण्यांशी पैज मारली आणि हिवाळ्यातही ऊन मिळेल, न मिळाल्यास प्रवासखर्च आपण सोसू, असे सांगितले, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. तिचे स्वरूप दंतकथेचे आहे. पण हिवाळी हंगामाची मागणी प्रथम पाहुण्यांकडून नव्हे तर यजमानाकडून मांडली गेली, हे त्या कथेतील मर्म दुर्लक्षणीय नाही. घसरगाडी, बर्फावरील स्केटिंग व नंतर स्कीइंग यांनी या हंगामास बळ दिले. पहिले हिवाळी ऑलिंपिक १९२४ मध्ये शामोनीस व दुसरे १९२८ मध्ये सांक्ट मोरिट्झला झाले.

निकष मावळला म्हणजे गाव कसे नवा निकष शोधते याचेही दावोस हेच उदाहरण. १९४० नंतरच्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन उपलब्ध झाले आणि क्षयरुग्णास डोंगराची गरज उरली नाही. आरोग्यधामांची हॉटेले झाली. १९७१ पासून तेथे भरू लागलेल्या व्यवस्थापनविषयक परिषदेतून पुढे वर्ल्ड इकॉनॉमिक फोरम आकारास आला.

५

आता भाषेच्या साक्षीकडे वळू. इंटरलाकेन हे नाव मूळचे तेथील मठाचे. दोन सरोवरांमधील स्थान, असा त्या लॅटिन नावाचा अर्थ. गावाचे नाव आरम्यूले, म्हणजे आर नदीवरची गिरणी, असे होते. पाहुणे ज्या नावाने येत तेच अखेर अधिकृत झाले व १८९१ मध्ये आरम्यूले हे नाव लोपले. शामोनीने १९२१ मध्ये आपल्या नावास ‘माँ ब्लाँ’ जोडून घेतले. मॅटरहॉर्नच्या इटालियन बाजूस असलेल्या ब्रय या वस्तीस फॅसिस्ट राजवटीत, शिखराच्या इटालियन नावावरून, ‘चेर्विनिया’ हे नाव मिळाले. जुन्या नावाकडे परतण्याचा विषय २०२३ मध्ये निघाला तेव्हा त्यावर वाद माजला. कारण जगाच्या बाजारात नवे नावच ओळखीचे झाले होते. या तिन्ही उदाहरणांत दिशा एकच दिसते : गिरणी, कुरण, ओढा यांवरून पडलेले नाव मागे सरते आणि खिडकीतून जे दिसते त्याचे नाव पुढे येते.

सांक्ट मोरिट्झचे उदाहरण अधिक गंभीर आहे. रोमांश भाषेत त्या गावाचे नाव सान मुरेत्सान. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तेथे रोमांशची एन्गाडिनी बोली हीच सर्वांची भाषा होती. १८८० च्या गणनेत ती मातृभाषा सांगणारे निम्म्यावर आले. १९४१ मध्ये ते सुमारे एक पंचमांश उरले, आणि १९७० मध्ये शेकडा आठच्या आसपास. पाहुण्याने कोणासही आपली भाषा सोडण्यास सांगितले नव्हते. हॉटेलात नोकरी जर्मनने मिळे, बांधकामावर इटालियन मजूर येत, व्यवहाराची भाषा हळूहळू घराची भाषा होई. १९३८ मध्ये स्विस मतदारांनी रोमांशला राष्ट्रभाषेचा दर्जा दिला, तेव्हा या गावातील तिचा पाया मोठ्या प्रमाणात ढासळून गेला होता. सक्तीने भाषा मरते हे आपणांस ठाऊक आहे. पसंतीनेही ती क्षीण होते, हे येथे दिसते.

६

आपल्याकडील ‘हवा पालटण्यास जाणे’ व ‘थंड हवेचे ठिकाण’ हे शब्दप्रयोग या संदर्भात बोलके आहेत. त्यांत निवडीचा निकषच नाव होऊन बसला आहे. महाबळेश्वरी १८२९ च्या सुमारास साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह यांच्याशी झालेल्या करारान्वये मुंबईचे गव्हर्नर माल्कम यांनी वसाहत वसविली, आणि तिच्या पेठेस त्यांचेच नाव मिळाले. माथेरान १८५० मध्ये इंग्रज अधिकाऱ्यांच्या दृष्टीस आले. येथेही आरोग्य व दृश्य हे निकष तेच होते. भेद आहे तो सत्तेचा. सह्याद्रीवर निवडणारा स्वतः राज्यकर्ता होता. आल्प्समध्ये पाहुण्यास ग्रामसभेशी, तिच्या हक्कदारांशी व त्यांच्या मतदानाशी व्यवहार करावा लागला.

हा भेद आजही फळ देत आहे. ११ मार्च २०१२ रोजी स्विस मतदारांनी अत्यल्प बहुमताने असा निर्णय दिला की कोणत्याही गावात दुय्यम निवासाची घरे एकंदर घरांच्या शेकडा वीसहून अधिक असू नयेत. वर्षातील बहुतेक काळ बंद राहणाऱ्या घरांमुळे स्थानिकांना राहावयास जागा परवडत नाही, ही तक्रार त्यामागे होती. त्सेरमाटने पेट्रोलवर चालणाऱ्या मोटारींना गावाबाहेरच ठेवण्याचे धोरण टिकविले, तेही गावच्याच निर्णयाने. अशा निर्णयांतून यजमानानेही पाहुण्याची निवड करावयास आरंभ केला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दरम्यान निवडीचा सर्वांत जुना आधारच सरकू लागला आहे. विंडहॅमने पाहिलेली हिमनदी आक्रसली आहे. १९०९ मध्ये पूर्ण झालेल्या माँतँव्हेर रेल्वेच्या स्थानकाजवळ एके काळी बर्फ होता; पुढे तेथून त्याच्यापर्यंत पोहोचण्यास काही शे पायऱ्या उतराव्या लागू लागल्या. कमी उंचीवरील गावांत हिवाळी बर्फाचा भरवसा उरलेला नाही, त्यामुळे उंच गावांकडे ओघ वाढतो व तेथील जागेवरचा ताण अधिकच तीव्र होतो.

दृश्य, वाटाड्या, ऊन, बर्फ असे निकष एकामागून एक आले आणि प्रत्येकाने आल्प्सचा नकाशा नव्याने मांडला. गावे मात्र तीच राहिली आणि प्रत्येक वेळी त्यांनी स्वतःस नव्या प्रश्नाच्या मापाने बेतून घेतले. कधी नाव देऊन, कधी भाषा देऊन. म्हणून मुक्कामाचे गाव निवडण्याच्या प्रश्नाचा अभ्यास केवळ प्रवाशाच्या रुचीचा अभ्यास ठरत नाही. त्या गावास गावकरी कोणत्या नावाने ओळखत होते, हा प्रश्न जोडल्यावाचून तो पुरा होत नाही. आणि आपल्या डोंगरी पेठांच्या जुन्या नावांचा तसा धांडोळा घेण्याचे काम मराठी अभ्यासकांनीही हाती घेण्यासारखे आहे.