काटेरी तारेचा जमाखर्च

सोलापुरात ‘सेटलमेंट’ हे आजही एका वस्तीचे नाव आहे. शब्द इंग्रजी, परंतु त्याचा सोलापुरी अर्थ कोणत्याही इंग्रजी कोशात सापडणार नाही. गुन्हेगार जमातींचा १८७१ चा कायदा प्रथम उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ साली त्याची व्याप्ती वाढवण्यात आली आणि मुंबई इलाखाही त्याच्या कक्षेत आला. पुढे सोलापुरात काटेरी तारेच्या कुंपणाआड कैकाडी, पारधी, भामटा इत्यादी जमातींची कुटुंबे आणून ठेवली गेली. त्यांत असे कितीतरी जण होते, ज्यांच्यावर एकही गुन्हा शाबीत झालेला नव्हता. तान्ही मुलेही होती. ही माणसे पुढेमागे गुन्हा करतील, एवढा अंदाज सरकारला पुरेसा वाटला.

झालेल्या गुन्ह्यासाठी नव्हे, तर संभाव्य गुन्ह्यासाठी माणसाला अडकवून ठेवायचे, तर तो खर्च कोणी सोसायचा? अलीकडे हा प्रश्न विचारला जातो तो अमेरिकेतील लैंगिक गुन्हेगारांच्या संदर्भात. तेथील काही राज्यांत शिक्षा भोगून संपलेल्या, परंतु अजूनही धोकादायक ठरवलेल्या गुन्हेगाराला ‘उपचारा’साठी बेमुदत डांबून ठेवता येते. १९९७ मध्ये ‘कॅन्सस विरुद्ध हेंड्रिक्स’ या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा नव्हे, दिवाणी स्वरूपाची स्थानबद्धता आहे, असा निर्वाळा दिला. मिनेसोटा राज्याच्या लेखापरीक्षकांनी २०११ साली या व्यवस्थेचा हिशेब मांडला. एका माणसामागे वर्षाला सुमारे १,२०,००० डॉलर, म्हणजे तुरुंगाच्या किमान तिप्पट, खर्च होत होता; आणि १९९४ पासून तोवर एकालाही तेथून पूर्ण सुटका मिळालेली नव्हती. हा आकडा प्रसिद्ध झाल्यामुळे निदान वाद तरी झाला. करदात्याला विचारता आले, की हाच पैसा पीडितांसाठी का नाही?

सोलापुरात हा प्रश्न कोणी विचारला नाही, कारण तेथे सरकारचे बिल फारसे फुगलेच नाही. ही करामत समजून घेण्याजोगी आहे. मुंबई इलाख्यातील या वसाहतींचे प्रमुख अधिकारी ओ. एच. बी. स्टार्ट हे सनदी नोकर. (१९२८ साली नेमलेल्या ज्या समितीत डॉ. आंबेडकर सदस्य होते, ती ‘स्टार्ट समिती’ यांच्याच नावाची.) स्टार्ट हे क्रूर गृहस्थ नव्हते. शाळा, स्वच्छता, नियमित रोजगार यांवर त्यांचा खरा विश्वास होता. परंतु वसाहत स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे, हा त्या धोरणाचा कणा होता. सोलापुरात कापडगिरण्या होत्या आणि त्यांना मजूर हवे होते. कुंपणातील माणूस हजेरी देऊन गिरणीत जाई, मजुरी मिळवी, त्या मजुरीवर कुटुंब पोशी आणि परत येऊन हजेरी देई. आपल्या कैदेचा खर्च तो स्वतःच भागवत होता. गिरणीला न पळणारा कामगार मिळाला, सरकारला स्वस्त पहारा मिळाला. सोलापूरच्या वसाहतीची व्यवस्था काही काळ अमेरिकन मराठी मिशनकडे होती, तेव्हा धर्मप्रसारकांनाही सेवेचे क्षेत्र मिळाले. इतक्या जणांचे भले होत असताना तक्रार करणार कोण?

आणि करणार कुठे? १९२४ च्या सुधारित कायद्यानुसार एखाद्या जमातीला गुन्हेगार ठरवणाऱ्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयात तपासता येत नव्हती. सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून सुधारशाळेत ठेवण्याचा अधिकारही त्याच कायद्यात होता. येथे मिनेसोटाशी असलेली तुलना थांबते, आणि ती थांबलीच पाहिजे. तेथील माणसाने बहुधा खरोखरच कोणाचे तरी आयुष्य उद्ध्वस्त केलेले असते आणि त्याचा निर्णय न्यायालय एकेकट्याने करते. सोलापुरात जन्म हाच पुरावा होता. तरी दोन्हीकडे ‘धोका’ मोजणारी फुटपट्टी अधिकाऱ्याच्या हाती आणि सुटकेची तारीख कोणाच्याच हाती नाही, एवढे साम्य उरते.

सरकारी वहीत न चढलेला खर्च पुढच्या पिढ्यांनी फेडला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७) आपण अभ्यासक्रमात दलित-भटक्यांची आत्मकथने म्हणून शिकवतो. परीक्षेत ‘भाषिक वैशिष्ट्ये’ विचारतो. मला ती जमाखर्चाची पुस्तके वाटतात. जातीचे नाव कळताच नाकारलेले काम, चोरी कुठेही झाली तरी दारात येणारे पोलीस, मारहाण, अर्धवट सुटलेली शाळा हे सारे कोणाच्या तरी सुरक्षिततेची किंमत म्हणून वसूल झाले. गायकवाड पुढे १९९८ मध्ये महाश्वेता देवी आणि गणेश देवी यांच्यासह विमुक्तांच्या हक्कांसाठी देशव्यापी संघटनात उतरले, हा त्या हिशेबाचाच पुढचा भाग.

गुन्हेगार जमाती कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला. परंतु मुंबई राज्यात १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांचा कायदा आला, आणि महाराष्ट्रात पुढे ‘धोकादायक व्यक्ती’ला बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करण्याचा. या धोकादायक व्यक्तीची व्याख्या भारतीय दंड संहितेच्या सोळाव्या व सतराव्या प्रकरणांवर बेतलेली होती. सोळाव्यात बलात्काराचा गुन्हाही येई. निदान येथे जमात नव्हे, व्यक्ती पाहिली जाते आणि मुदत ठरलेली असते. तडीपारीचे मात्र अर्थशास्त्र निराळे. भिवंडीजवळच्या टेमघरातील एखाद्याला ठाणे जिल्ह्यातून दोन वर्षे हद्दपार केले, तर शासनाला पडतो तो कागदाचा खर्च. त्याची यंत्रमागावरची मजुरी बुडते, घर बायकोवर पडते, आणि तो खरोखर धोकादायक असेल तर तो धोका शेजारच्या जिल्ह्यातील अनोळखी बाईच्या वाट्याला जातो. तिला कोणी नोटीस देत नाही.

चांगली वागणूक दाखवणाऱ्यांना कुंपणाबाहेर ज्या वस्तीत राहू देत, तिला ‘फ्री कॉलनी’ म्हणत. सोलापुरात तार केव्हाच गेली; टपालाच्या पत्त्यावर मात्र ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ हे दोन्ही शब्द अजून शेजारी शेजारी लिहिले जातात.